जॉइन केला की निम्म्या मिळकती ‘नल’: कॉलमच्या प्रकाराचं जुनं दुखणं

“ताई, परत नल आलंय.”

नल म्हणजे माहितीचा रिकामा खाना. हा फोन मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो आणि दर वेळी मी ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली-रबाळ्याच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असते. तिथून एका हाताने दांडी धरून काय सांगणार? “फील्ड्सचा टॅब उघड, प्रकार बघ, मी पोचतेच,” एवढंच. पोचल्यावर तेच निघतं जे मागच्या वेळी निघालं होतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांसाठी, आणि ज्यांना असा फोन करायला कुणी नाही त्यांच्यासाठीही.

आम्ही तुर्भ्यात चार-पाच जणं मिळून नकाशांची कामं करतो. इमारतींचे बहुभुज, म्हणजे नकाशावरच्या बाह्यरेषा, आमचे: उपग्रहचित्रावरून काढलेले आणि जागेवर जाऊन तपासलेले. त्यांची माहिती मात्र ग्राहकाकडून एक्सेलमध्ये येते: मालमत्ता क्रमांक, मालक, वापर, क्षेत्रफळ, मजले. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आणायचे, मालमत्ता क्रमांकावर जॉइन लावायचा, म्हणजे तो क्रमांक जुळेल तिथे दोन्ही तक्ते जोडायचे, आणि वापराप्रमाणे रंग भरायचे. दुपारपर्यंत संपायला हवं असं काम. प्रत्यक्षात जॉइन लागतो, लाल अक्षरात काही येत नाही, आणि नकाशा बघावा तर घणसोलीचा निम्मा भाग करडा. ॲट्रिब्यूट टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, उघडलं की तिथे नल, नल, नल.

नवा माणूस इथे पहिल्यांदा प्रोजेक्शनवर संशय घेतो, मग बहुभुजांवर, मग स्वतःच्या संगणकावर. यातलं काहीही नसतं. जॉइन करताना भूमितीला कुणी विचारत नाही, तिथे फक्त दोन कॉलममधल्या किमती एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. तेव्हा आधी तेच दोन कॉलम बघायचे. लेयर प्रॉपर्टीजमध्ये फील्ड्सचा टॅब आहे, तिथे प्रत्येक नावासमोर प्रकार लिहिलेला असतो. तेवढाही कंटाळा असेल तर ॲट्रिब्यूट टेबलकडे नुसती नजर टाका: खरे आकडे उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. आकडे असून डावीकडे बसलेत म्हणजे ते मजकुराच्या रूपात आलेत. क्रमांक उजवीकडे बसलेत म्हणजे कुणीतरी त्यांचे पूर्णांक करून टाकलेत. आमच्या दुखण्यात बहुतेकदा हा दुसरा प्रकार असतो.

याच रोगाची आणखी लक्षणं आहेत. ग्रॅज्युएटेड (आकड्यांच्या टप्प्यांप्रमाणे) रंगसंगती निवडली आणि यादीत क्षेत्रफळाचा कॉलमच दिसत नाही: तो मजकूर आहे. क्रमवारी लावली आणि १, १०, १००, २ असा क्रम आला: तोही मजकूर. शेपफाइल (नकाशा साठवायचा जुना फाइल-प्रकार) जतन करून पुन्हा उघडली आणि मोठ्या भूखंडांचंच क्षेत्रफळ गायब: कॉलमची रुंदी कमी पडली. मालकांची नावं अर्ध्यात तुटली: पुन्हा रुंदीच, पण वेगळ्या कारणाने. पोस्टजीआयएस, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसची नकाशांसाठीची जोड, वापरणाऱ्यांना एक सुख आहे. तिथे पूर्णांकाची मजकुराशी तुलना केली की डेटाबेस सरळ नकार देतो. उद्धट वाटतं, पण मला असा तोंडावर बोलणारा माणूस परवडतो. गप्प राहून नल देणारा नाही परवडत.

क्रमांक म्हणजे आकडा नव्हे

नवी मुंबईत एका इमारतीला किती क्रमांक असतात ते बघा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७० नंतर गावांच्या जमिनीवर नोड, म्हणजे वसाहती, आखले, त्यामुळे जुन्या गावाचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर एकीकडे, सेक्टर आणि भूखंड क्रमांक दुसरीकडे. त्यात जमीन गेलेल्या गावकऱ्यांना मिळालेले साडेबारा टक्क्यांचे भूखंड वेगळे. १९९२ मध्ये महापालिका आली, म्हणजे मालमत्ता कराचा क्रमांक. गावठाणात घर क्रमांक. वर पिन कोड. या सगळ्यांना आपण नंबर म्हणतो आणि डेटाबेससुद्धा विश्वासाने त्यांना नंबर समजतो.

मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावते: या कॉलमची बेरीज करशील का? दोन मालमत्ता क्रमांकांची बेरीज करून काय मिळेल? काही नाही. मग तो मजकूर. पिन कोडची सरासरी? वाशीचा ४००७०३ आणि नेरूळचा ४००७०६ यांच्या मधोमध तुर्भे येत नाही. मजकूर. मोबाइल नंबर? मजकूर, आणि इथे तर दुसरंही कारण आहे. ३२ बिटांचा पूर्णांक २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे जात नाही. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळेच्या सगळे त्याच्या पलीकडचे. त्यांना साध्या इंटिजर कॉलममध्ये कोंबायला गेलं की एकतर चूक दाखवली जाते, नाहीतर भलताच आकडा बसतो.

क्षेत्रफळ, मजल्यांची संख्या, कराची रक्कम, नळजोडण्यांची संख्या यांची बेरीज होते. हे आकडे.

सेक्टरची गंमत वेगळी. वाशीत सेक्टर ९ आहे आणि ९ए पण आहे, १६ आणि १६ए आहेत, नेरूळकडे ४६ए आहे. सुरुवातीच्या शंभर ओळींत ‘ए’वाला सेक्टर आला नाही म्हणून कॉलम पूर्णांक ठेवला की पुढे ९ए ला जागा नाही. मग कुणीतरी ‘ए’ खोडून ९ लिहितो आणि दोन सेक्टरांचे भूखंड एकमेकांवर चढतात. नल दिसतं तरी, हे तर दिसतसुद्धा नाही.

एक्सेलचा उंबरठा

आता मूळ दुखण्याकडे. आमच्या अनुभवात दहापैकी आठ वेळा बिघाड क्यूजीआयएसमध्ये होतच नाही. फाइल तिथे पोचायच्या आधीच तो झालेला असतो.

समजा मालमत्ता क्रमांक ००४१७२३ आहे. एक्सेलच्या साध्या खान्यात तो टाकला की ४१७२३ उरतो, पुढची दोन शून्यं गेली. आपल्या बहुभुजांच्या कॉलममध्ये सर्व्हेच्या पोरांनी नीट सातही अंक लिहिलेले. ‘००४१७२३’ आणि ‘४१७२३’ जुळणार कसे? ज्यांचे क्रमांक १ पासून ९ पर्यंतच्या अंकाने सुरू होतात तेवढे जुळतात. म्हणूनच सगळा नकाशा करडा होत नाही, निम्मा होतो, आणि माणूस चकतो. सगळाच करडा झाला असता तर लगेच कळलं असतं.

लांब क्रमांकांचं त्याहून वाईट. बारा किंवा जास्त अंकांचा आकडा साध्या खान्यात एक्सेल शास्त्रीय पद्धतीने दाखवतं, म्हणजे एक दशांश, पुढे ई आणि घातांक. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, जतन करताना खान्यात जे दिसतंय तेच फाइलमध्ये जातं. मग फाइलमध्ये शंभर मिळकतींचा क्रमांक एकच झालेला असतो. आणि पंधराहून जास्त अंक असले तर सोळाव्या अंकापासून पुढे एक्सेल चक्क शून्यं भरतं, कारण त्याचा आकडा पंधरा अंकांपुरताच खरा असतो. हे परत आणता येत नाही. खान्याचा प्रकार मागाहून ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेले अंक गेलेच.

आणि आता माझा लाडका शत्रू: तिरकी रेघ. एक्सेलच्या रिकाम्या खान्यात ७/१२ लिहून पाहा. अख्ख्या महाराष्ट्राला सात-बारा म्हणजे काय ते कळतं, एक्सेलला ती ७ डिसेंबर वाटते. सर्व्हे नंबर ५, हिस्सा १ म्हणून ५/१ लिहिलं की ५ जानेवारी. पण ११२/३ लिहिलं की तो तसाच राहतो, कारण ११२ नावाचा दिवसही नाही आणि महिनाही नाही. पुन्हा तेच: काही ओळी बिघडतात, काही शाबूत. वरवर चाळणाऱ्याला शाबूतच दिसतात.

ही फक्त आपलीच रड नाही. माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांचे मार्च आणि सप्टेंबर करत होतं. शास्त्रज्ञांनी हात टेकले तिथे आपण कोण. पण आपल्याला सर्व्हे नंबर बदलायची सोय नाही.

तारखेवरून सर्व्हे नंबर परत काढता येतो का, असं सगळे विचारतात. येतो, पण एका अटीवर: ज्या संगणकावर ते लिहिलं गेलं तिथे तारखेची मांडणी भारतीय होती की अमेरिकन, हे ठाऊक हवं. भारतीय मांडणीत ५/१ ची ५ जानेवारी होते, अमेरिकन मांडणीत तीच १ मे. भारतीय मांडणीत १/५ लिहिलं तरीही १ मे. म्हणजे दोन वेगवेगळ्या संगणकांवर भरलेल्या याद्या एकत्र केल्या असतील, तर खान्यातला ‘१ मे’ हा ५/१ होता की १/५, हे जगातलं कुठलंही सूत्र सांगू शकत नाही. मूळ कागद बघावा लागतो. आमच्यावर ती वेळ आली होती, शेवटी सांगते.

हिस्सा टिंबाने लिहिला तरी सुटका नाही. ४५.१० म्हणजे सर्व्हे ४५, हिस्सा १०. आकडा म्हणून वाचलं की त्याचं ४५.१ होतं आणि तो हिस्सा १ शी जुळतो. म्हणजे नल येत नाही, चुकीच्या माणसाचं नाव येतं. त्यापेक्षा नल बरं. आणि एखादा घर क्रमांक अंक, मग इंग्रजी ई, मग अंक असा असेल, जसं ई विंगमधले फ्लॅट, तर १२ई४ चे एक लाख वीस हजार होतात.

यावर उपाय दोन. पहिला, एक्सेलमध्ये सीएसव्ही कधीही दोनदा टिचकी मारून उघडायची नाही. डेटा टॅबमधून आणायची आणि प्रकार ओळखू नको असं सांगायचं, किंवा नवी यादी भरायची असेल तर आधी कॉलम निवडून टेक्स्ट करायचा आणि मग भरायला सुरुवात करायची. नव्या एक्सेलमध्ये शून्यं खाणं आणि लांब आकडे बिघडवणं बंद करायची सोय सेटिंगमध्ये आली आहे. पण ती तुमच्या संगणकापुरती, ग्राहकाच्या कारकुनाच्या संगणकावर नाही. तेव्हा तिच्यावर विसंबू नका.

दुसरा उपाय क्यूजीआयएसच्या दारात. सीएसव्ही ‘डिलिमिटेड टेक्स्ट’ने आणताना फील्डचे प्रकार ओळखण्याची एक खूण असते, ती काढून टाका. मग सगळे कॉलम मजकूर म्हणून येतात, आणि क्षेत्रफळासारखे मोजके कॉलम तुम्ही नंतर हाताने आकडे करता. मला हेच आवडतं. त्याहून पक्कं हवं असेल तर सीएसव्हीच्या शेजारी त्याच नावाची, पण शेवटी ‘टी’ जोडलेली सीएसव्हीटी फाइल ठेवायची. त्यात एकच ओळ: प्रत्येक कॉलमचा प्रकार अवतरणचिन्हांत, स्वल्पविरामांनी वेगळा करून. स्ट्रिंग (मजकूर), स्ट्रिंग, इंटिजर (पूर्णांक), रिअल (दशांश), असं. एकदा लिहिली की त्या ग्राहकाच्या दर महिन्याच्या फाइलला तीच चालते. आमच्याकडे अशा फाइलींचा एक फोल्डरच आहे. अडचण एकच, ग्राहक मध्येच एक कॉलम घुसवतो आणि सगळे प्रकार एक घर सरकतात. म्हणून आधी कॉलमची संख्या मोजायची.

शेपफाइलची डबी

शेपफाइलमध्ये माहिती ज्या डीबीएफमध्ये बसते ती डीबेसच्या काळातली, म्हणजे १९८० च्या दशकातली. तिच्या मर्यादाही त्याच काळातल्या. कॉलमच्या नावाला दहा, मजकुराला २५४, आणि कॉलम जास्तीत जास्त २५५. तारीख ठेवता येते, पण तिच्यासोबत वेळ नाही. रिकामी किंमत धडपणे ठेवायची सोय नाही, त्यामुळे काही सॉफ्टवेअर आकड्याच्या कॉलममध्ये नलच्या जागी शून्य लिहून मोकळी होतात. ‘मजले माहीत नाहीत’ आणि ‘मजले शून्य’ यात फरक नाही का? सरासरी काढताना कळतो.

नावाच्या दहा अक्षरांनी आम्हाला एकदा छान फसवलं. रोमन लिपीत मालमत्ता_क्रमांक आणि मालमत्ता_कर असे दोन कॉलम होते. रोमनमध्ये दोन्हींची पहिली दहा अक्षरं तंतोतंत सारखी. जतन झाल्यावर एक कॉलम ‘मालमत्ता_क’ झाला आणि दुसरा ‘मालमत्ता_१’. आमच्या एका मुलाने त्यातला दुसरा कॉलम हाच क्रमांक समजून जॉइन लावला, म्हणजे कराच्या रकमेवर. काही ओळी जुळल्यासुद्धा!

पण मराठीत काम करणाऱ्यांनी खरं लक्षात ठेवायचं ते हे: त्या दहा आणि २५४ च्या मर्यादा अक्षरांच्या नाहीत, बाइटच्या आहेत. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजायचे. ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण, मात्रा: चार चिन्हं, बारा बाइट. म्हणजे शेपफाइलमध्ये ‘ठाणे’ नावाचा कॉलमसुद्धा मावत नाही. मजकुराच्या २५४ बाइटांत देवनागरीची जेमतेम ८४ चिन्हं बसतात. नुसतं ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ एवढं लिहिलं की ९३ बाइट संपले, अजून सोसायटीचं नावही आलेलं नाही. कॉलमची रुंदी ८० ठेवली असेल तर ‘मर्यादित’च मर्यादेबाहेर. जतन करताना किंमत कापल्याची नोंद क्यूजीआयएसच्या लॉग मेसेजमध्ये येते, पण तो पॅनेल उघडून कोण बघतं.

मराठी नावं बिघडलेली दिसली तर घाबरण्याआधी एक फरक बघा. डोक्यावर टोप्या आणि तिरप्या रेघा असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसतेय? मग माहिती शाबूत आहे, फक्त वाचण्याची पद्धत चुकली. अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची ते सांगणारी सोबतची छोटी सीपीजी फाइल पाठवताना राहिली असणार. लेयर प्रॉपर्टीजमध्ये सोर्सखाली एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. आणि ओळीने नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर जतन करतानाच अक्षरं गेली, मूळ फाइलकडे परत जा. व्हॉट्सॲपवर शेपफाइल पाठवणाऱ्यांनो, ती अनेक फाइलींची मिळून असते, सगळ्या झिप करून पाठवत जा. ग्राहकाकडून नुसती ‘एसएचपी’ येते तेव्हा कपाळाला हात लावते मी.

क्षेत्रफळ गायब होण्याचं कारणही इथलंच. डीबीएफमध्ये आकड्याची रुंदी म्हणजे एकूण जागा, आणि त्यात दशांशाचं टिंबही एक जागा खातं. रुंदी १० आणि दशांश ३ म्हणजे टिंबाआधी सहाच अंक. दहा लाख चौरस मीटरच्या पुढचा भूखंड बसत नाही. पोस्टग्रेसच्या न्यूमेरिक या आकड्यांच्या प्रकारात १० आणि ३ लिहिलं की टिंब मोजलं जात नाही, टिंबाआधी सात अंक बसतात. त्यामुळे डेटाबेसमध्ये ठीक असलेला आकडा शेपफाइलमध्ये काढताना पडतो.

नव्या कामाला शेपफाइल वापरू नका, एवढंच खरं तर म्हणायचंय. क्यूजीआयएसने २०१८ मध्ये ३.० आवृत्तीपासून जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकारच मूळ पर्याय केला आहे. नावाची लांबी, मजकुराची लांबी, मराठी, नल, वेळ यातली कुठलीच कटकट तिथे नाही. ग्राहकाला शेपफाइलच हवी असली तर शेवटी काढून द्या, पण स्वतः त्यात काम करू नका.

जिओपॅकेजचे दोन खोडसाळपणे मात्र माहीत हवेत. ते एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर उभं आहे आणि एसक्यूलाइट कॉलमच्या प्रकाराबद्दल फारसं कडक नाही. एखाद्या स्क्रिप्टने पूर्णांकाच्या कॉलममध्ये मजकूर ढकलला तर ते निमूट ठेवून घेतं. आणि दुसरं म्हणजे ‘एफआयडी’, प्रत्येक ओळीला आपोआप मिळणारा क्रमांक. दोन लेयर एकत्र करून जतन करायला गेलात आणि एफआयडीच्या किमती दोनदा आल्या, किंवा तो कॉलम दशांशाचा झाला, तर जतन मधेच थांबतं. जतन करण्याच्या खिडकीत एफआयडीसमोरची खूण काढली की झालं, नवा आपोआप तयार होतो. म्हणूनच एफआयडी हा मालमत्तेचा क्रमांक म्हणून कधी वापरू नका. तो पुढच्या जतनाला बदलू शकतो.

इमारत जागेवरून सरकली

हे क्वचित होतं, पण झालं की दोन दिवस खातं. कुणीतरी यूटीएमचे, म्हणजे मीटरमधले, निर्देशांक एक्स आणि वाय अशा दोन कॉलममध्ये काढून ठेवले आणि कॉलमचा प्रकार निवडला ‘फ्लोट’, म्हणजे ३२ बिटांचा दशांश. नंतर त्या कॉलमवरून बिंदू पुन्हा तयार केले तर ते मूळ जागी बसेनात.

गणित साधं आहे. ३२ बिटांच्या दशांशात खरे अंक धरायला २४ बिट असतात. नवी मुंबई यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येते आणि इथलं नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, २१ लाख मीटरच्या वर आहे. एवढ्या मोठ्या आकड्यापाशी ३२ बिटांच्या दोन शेजारी किमतींमध्ये पाव मीटरचं अंतर असतं. म्हणजे तुम्ही सेंटिमीटरपर्यंत मोजून आणलेला मॅनहोल पाव-पाव मीटरच्या पायऱ्यांवर बसतो. अंशांत ठेवलंत तरी तेच: ७३ रेखांशापाशी एक पायरी साधारण ८० सेंटिमीटर पडते. डबल, म्हणजे ६४ बिटांचा दशांश, वापरा, हा प्रश्नच मिटतो.

याच कारणाने क्रमांक फ्लोटमध्ये ठेवणं सर्वांत घातक. १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ च्या पुढे फ्लोटला प्रत्येक पूर्णांक नीट धरता येत नाही. नऊ अंकी मालमत्ता क्रमांक त्यात ठेवले की शेजारच्या घरांचे क्रमांक एक होतात. कराच्या रकमांना पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक, दोन दशांश. जिओपॅकेजमध्ये न्यूमेरिक नाही, तिथे डबल चालतं. पैशापर्यंत हिशेब जुळवायचं काम नकाशाने करूच नये, असं माझं मत.

बिघडलेलं नीट करताना

मूळ फाइल मिळत असेल तर तीच पुन्हा आणा. दुरुस्तीपेक्षा ते नेहमी स्वस्त पडतं. मिळत नसेल तर प्रोसेसिंगमधलं ‘रिफॅक्टर फील्ड्स’ वापरा. त्यात प्रत्येक कॉलमचं नाव, प्रकार, लांबी आणि सूत्र एकाच ठिकाणी बदलता येतं आणि मूळ लेयरला हात लागत नाही.

गेलेली शून्यं परत लावायला ‘एलपॅड’ फंक्शन आहे: किंमत, एकूण लांबी, भरायचं चिन्ह. पण सगळे क्रमांक ठरलेल्या लांबीचे असतील तरच. काही सहा अंकी आणि काही सात अंकी असतील, तर कुणाची किती शून्यं गेली हे ओळखता येत नाही. आणखी एक काटा: दिलेल्या लांबीपेक्षा किंमत मोठी असेल तर एलपॅड ती शेवटून कापतं, क्यूजीआयएसमध्येही आणि पोस्टग्रेसमध्येही, आणि सांगत नाही. म्हणून आधी सर्वांत लांब किंमत किती अंकी आहे ते पाहायचं. कॉलम दशांशाचा झाला असेल तर थेट मजकूर करू नका, आधी पूर्णांक करा मग मजकूर, नाहीतर शेपटीला टिंब आणि शून्य चिकटू शकतं.

मजकुराचा आकडा करताना उलटी काळजी. किती ओळी बदलणार नाहीत हे बदलायच्या आधी मोजा. आमच्याकडे मजल्यांच्या कॉलममध्ये ‘तळ + ४’, ‘जी+७’ आणि ‘स्टिल्ट ७’ असं सगळं सापडतं. हे आपोआप आकडा होणार नाही. मूळ कॉलम तसाच ठेवून शेजारी पूर्णांकाचा नवा कॉलम करा आणि तळमजला धरायचा की नाही हे ग्राहकाला लेखी विचारा. देवनागरी आकड्यांचंही तसंच. तलाठ्याकडच्या नोंदीवरून उतरवलेल्या यादीत आकडे देवनागरी असतात, पोस्टग्रेस त्यांना पूर्णांक मानत नाही. ‘ट्रान्सलेट’ फंक्शनने दहाही अंक एका झटक्यात बदलता येतात. दिसायला सारखे आणि न जुळणारे क्रमांक असले तर शेवटची मोकळी जागाही तपासा, ‘ट्रिम’ लावा.

सात-बाराचं क्षेत्र ०.४५.५० असं लिहिलेलं येतं, म्हणजे शून्य हेक्टर, ४५ आर, ५० चौरस मीटर. दोन टिंबांचा आकडा कुठलंही सॉफ्टवेअर मानणार नाही. टिंबांवर तोडून हेक्टरला १०,००० ने आणि आरला १०० ने गुणायचं, चौरस मीटर मिळवायचे: ४,५५०. मूळ मजकूरही ठेवा, भांडण झालं तर तोच दाखवावा लागतो.

तारखांच्या कॉलममध्ये ४३८३१ असा काहीतरी आकडा दिसला तर तो एक्सेलचा दिवसांचा मोजणीअंक. ३० डिसेंबर १८९९ मध्ये तेवढे दिवस मिळवायचे, ४३८३१ म्हणजे १ जानेवारी २०२०.

पोस्टजीआयएसमध्ये असाल तर मालमत्ता क्रमांकाच्या कॉलमला टेक्स्ट ठेवा आणि वर चेक कन्स्ट्रेंट लावा: बरोबर सात अंक, दुसरं काही नाही. व्हारकॅर या मजकुराच्याच दुसऱ्या प्रकाराला लांबी देऊन कुलूप लावण्यापेक्षा हे बरं. पोस्टग्रेसमध्ये टेक्स्ट आणि व्हारकॅर यांच्या वेगात फरक नाही, आणि तिथली लांबी बाइटमध्ये नाही तर चिन्हांमध्ये मोजली जाते, त्यामुळे मराठीची वेगळी काळजी नाही. सेक्टरसाठी आम्ही एक छोटं टेबल केलंय, त्यात असलेलेच सेक्टर निवडता येतात. त्याआधी एकाच सेक्टरला ९ए, ९-ए, ९ अ आणि ९अ अशी चार नावं होती आणि चारही नावांचे वेगळे रंग.

आता ते १ मे. गावठाणालगतच्या एका यादीत चार ओळी ‘१ मे’ निघाल्या. यादी दोन संगणकांवर भरलेली होती, एकाची मांडणी भारतीय, दुसऱ्याची अमेरिकन, आणि कुठली ओळ कुठल्या संगणकावरची हे भरणाऱ्यालाही आठवेना. चूक आमचीच, कोरी फाइल आम्हीच पाठवली होती, कॉलम टेक्स्ट न करता. शेवटी आमच्या पोराला भर पावसात घणसोलीला पाठवलं, घरोघर जुने कागद बघायला. दोन ओळी ५/१ निघाल्या, एक १/५. चौथ्या दाराला कुलूप होतं, ती ओळ आजही नल आहे.